दालांबेरचं तत्त्व म्हणजे न्यूटनचाच नियम उलटा लिहिलेला का, आणि हा माणूस होता तरी कोण

सेकंड इयर मेकॅनिकलची मुलं दर वर्षी विचारतात तेच तू विचारलंयस, की एफ बरोबर एमए (बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण) मधला एमए उचलून डावीकडे नेला, एफ वजा एमए बरोबर शून्य लिहिलं, की झालं डी-अलेम्बर्टचं, म्हणजे दालांबेरचं, तत्त्व, मग यात त्या माणसाचं स्वतःचं असं काय, आणि पाच मार्कांसाठी त्याचं नाव का पाठ करायचं. रास्त प्रश्न आहे. मी सव्वीस वर्षं इंजिन डिझाइनमध्ये काढली, आता आठवड्यातून दोन दिवस शिकवायला जातो, आणि खरं सांगायचं तर नोकरीची पहिली कितीतरी वर्षं मलाही हेच वाटायचं.

तू लिहिलेलं समीकरण बरोबर आहे, फक्त ते त्याचं नाहीये. त्याने १७४३ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, गतिशास्त्रावरचा जो ग्रंथ छापला त्यात ‘इनर्शिया फोर्स’ (तोच डावीकडे नेलेला उलटा एमए, बल समजून) नावाची चीजच नाही. उलट फोर्स या शब्दाचंच त्याला वावडं होतं. पदार्थाच्या आत बसलेलं ‘बल’ म्हणजे अंधुक, हवेतली कल्पना, तिने मुळात स्वच्छ असलेल्या शास्त्रात अंधार होतो असं त्याने प्रस्तावनेतच ठणकावून लिहिलंय. गती दिसते, अंतर मोजता येतं, वेळ मोजता येतो, तर शास्त्र तेवढ्यावरच उभं करा. आणि गंमत बघ, ज्याला फोर्स हा शब्द नको होता त्याच्याच नावाने आपण आज एक खोटा फोर्स फ्री बॉडी डायग्रामवर, म्हणजे वस्तू सुटी काढून तिच्यावरची बलं दाखवणाऱ्या आकृतीवर, काढतो!

आता माणूस कोण ते आधी सांगतो. उच्चार फ्रेंचमध्ये ‘दालांबेर’च्या जवळपास जातो, वर्गात आपण डी-अलेम्बर्ट म्हणतो, काही बिघडत नाही. नोव्हेंबर १७१७ मध्ये पॅरिसला, नोत्र दाम कॅथेड्रलला खेटून असलेल्या सँ-ज्याँ-ल-राँ नावाच्या छोट्या चर्चच्या पायऱ्यांवर एक तान्हं बाळ सापडलं. चर्चचंच नाव बाळाला दिलं, ज्याँ ल राँ. आई मादाम द ताँसँ, पॅरिसच्या बड्या लोकांत ऊठबस असलेली बाई, आधी ननच्या मठात राहून बाहेर पडलेली, तिने पोर तिथे ठेवून दिलं आणि विषय संपवला. बाप देतूश नावाचा तोफखान्यातला अधिकारी, तो तेव्हा परदेशी होता, परत आल्यावर त्याने पोराला शोधून काढलं आणि एका काचकाम करणाऱ्याच्या बायकोकडे, मादाम रूसोकडे, सांभाळायला दिलं. बाप १७२६ मध्ये गेला, जाताना पोराच्या नावाने वर्षाला १२०० लिव्हरची (तेव्हाचं फ्रेंच चलन) सोय करून गेला. श्रीमंती नाही, पण पोटासाठी कुणापुढे वाकायला लागणार नाही एवढं. हे १२०० लिव्हर लक्षात ठेव, पुढे कामाला येतील.

त्या काचवाल्याच्या घरात तो जवळजवळ पन्नाशीपर्यंत राहिला. म्हणजे युरोपभर नाव झालं, अकादमीत बसायला लागला, तरी राहायला त्याच साध्या घरात, त्याच पालक आईकडे. त्या बाईला त्याच्या पुस्तकांचं काडीचं कौतुक नव्हतं. ती त्याला म्हणायची की तू शेवटी तत्त्वज्ञच होणार, आणि तत्त्वज्ञ म्हणजे काय, तर मेल्यावर लोकांनी आपलं नाव काढावं म्हणून जन्मभर जिवाला त्रास करून घेणारा वेडा. (माझ्या आईने हेच पीएचडीवाल्यांबद्दल थोड्या वेगळ्या शब्दांत सांगितलं असतं.)

शिक्षण वकिलीचं, १७३८ मध्ये वकील झाला, मग काही दिवस वैद्यकी, दोन्हीत मन रमेना. गणित बरंचसं स्वतःच शिकला. १७४१ मध्ये विज्ञान अकादमीत आत आला आणि दोन वर्षांत तो ग्रंथ.

आता मुद्द्याचं. त्याचं तत्त्व त्याच्याच पद्धतीने एकदा करून बघ, मग फरक कळेल. विहिरीवर कप्पी आहे, दोराच्या दोन टोकांना दोन पोहरे, एक भरलेला ६ किलोचा, दुसरा ४ किलोचा. कप्पी हलकी, घर्षण नाही, आणि जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, सोयीसाठी १० धरू; दोर बांधल्यावरचं त्वरण ए म्हणू. आपण काय करतो? दोन डायग्राम, दोरात टेन्शन (ताण) टी, दोन समीकरणं, टी काढून टाकायचा, उत्तर. दालांबेर म्हणतो टी काढूनच टाकायचाय तर आणायचा कशाला. त्याऐवजी प्रत्येक पोहऱ्याला विचार, तू सुटा असतास तर काय केलं असतंस? दोघेही म्हणणार, खाली १० ने पडलो असतो. बरं, आता दोर बांधलाय म्हणून प्रत्यक्षात काय करतोयस? ६ वाला खाली ए ने जातोय, ४ वाला वर ए ने जातोय. म्हणजे जी गती हवी होती आणि जी मिळाली यातला फरक वाया गेला. ६ वाल्याची वाया गेलेली गती १० वजा ए. ४ वाल्याला खाली १० हवे होते आणि मिळाले वर ए, म्हणून त्याचे वाया गेले १० अधिक ए. आणि तत्त्व एवढंच, की या वाया गेलेल्या गती, ज्याच्या त्याच्या किलोने गुणून, एकमेकींना तोलून धरतात, तराजूसारख्या. म्हणजे ६(१० − ए) = ४(१० + ए). साठ वजा सहा ए बरोबर चाळीस अधिक चार ए, ए आला २. संपलं. टेन्शन कुठे आलंच नाही. हवंच असेल तर मागाहून काढ, ६ गुणिले ८ म्हणजे ४८, आणि दुसऱ्या बाजूने ४ गुणिले १२, तेही ४८.

तू म्हणशील उत्तर तर तेच आलं. दोन पोहऱ्यांना तेच येणार रे. पण त्याने नेमकं काय केलं ते बघ, हलत्या यंत्राचा प्रश्न त्याने तराजूचा प्रश्न करून टाकला. आणि तराजू, तरफ, कप्पी यांचं समतोलाचं गणित लोकांना आर्किमिडीजपासून येत होतं! सांध्यांमधून, दोरांतून, कणाकणांमधून आत काय बलं चालली आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि या पद्धतीत ते माहीत असायची गरजच राहिली नाही.

याचा खरा दणका बघायचा तर पोहरे सोड आणि पृथ्वी घे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू फिरतो, एक फेरी साधारण २६,००० वर्षांची, आणि त्यामुळे ताऱ्यांच्या जागा हळूहळू सरकतात हे जुन्या ग्रीकांपासून माहीत होतं. न्यूटनने त्याचं कारण बरोबर सांगितलं, विषुववृत्ताशी फुगलेल्या पृथ्वीला चंद्र आणि सूर्य ओढतात म्हणून, पण त्याचं गणित मधेच घसरलेलं होतं. १७४८ मध्ये ब्रॅडली या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने जाहीर केलं की अक्ष नुसता फिरत नाही, फिरता फिरता किंचित डुलतोही, साडेअठरा वर्षांच्या आसपासचं चक्र. दालांबेरने १७४९ मध्ये या दोन्हीचं गणित करून पुस्तकच बाहेर काढलं. आता विचार कर, पृथ्वीच्या पोटातला एक दगड शेजारच्या दगडाला किती ढकलतोय हे कोण सांगणार होतं? कुणी नाही. पण प्रत्येक कणाची वाया गेलेली गती बेरजेत घेतली आणि ती सगळी मिळून समतोलात आहे म्हटलं, की दगडांची आपापसातली ढकलाढकली हिशोबातून आपोआप गळून पडते. घट्ट पदार्थाच्या फिरण्याचं गणित असं सुरू झालं, लगेच ऑयलर या त्याच्या काळच्या दुसऱ्या बड्या गणितज्ञाने ते उचलून आणखी नीटनेटकं केलं, आणि त्यावरून दोघांत तू-तू-मैं-मैं झाली, ते जाऊ दे.

मग तुझ्या पुस्तकातलं रूप कुठून आलं? लाग्रांज या गणितज्ञाने १७८८ च्या ग्रंथात दालांबेरची कल्पना आणि व्हर्च्युअल वर्कची (वस्तू कल्पनेत किंचित हलवून बलांचं काम मोजायची) कल्पना एकत्र बांधली आणि सगळं मेकॅनिक्स एका सूत्रातून काढून दाखवलं, एक आकृती न काढता. तिथून पुढे शिकवता शिकवता, गाळता गाळता, आपल्या सिलॅबसपर्यंत येईस्तोवर फक्त ‘एमए डावीकडे न्या’ एवढा चोथा उरला. तुला तो चोथा वाटला यात तुझी चूक नाही.

तरी चोथ्यालाही मान दे, कारण वर्कशॉपला तोच लागतो. अर्धा किलोचा पिस्टन घे, क्रँकची त्रिज्या ५० मिमी, कनेक्टिंग रॉड त्याच्या चौपट लांब, ३००० आरपीएम. टॉप डेड सेंटरला, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असताना, त्याचं ॲक्सलरेशन येतं सेकंद वर्गाला साधारण ६१७० मीटर, म्हणजे इनर्शिया फोर्स ३०८० न्यूटनच्या पुढे, तीनशे किलोंहून जास्त वजन लटकवल्यासारखं, अर्ध्या किलोच्या तुकड्यासाठी! ते बल रॉडवर लावून मोकळं व्हायचं आणि पुढचा सगळा हिशोब रॉड स्थिर असल्यासारखा करायचा. फक्त एक ठरव, एकतर पिस्टन हलतोय म्हण आणि उजवीकडे एमए लिही, नाहीतर तो थांबलाय म्हण, उलटा एमए बल म्हणून काढ आणि उजवीकडे शून्य लिही. दोन्ही एकत्र नाही. मी नवीन असताना नेमकं हेच केलं होतं, डायग्रामवर उलटा बाण काढला आणि वर समीकरणात उजवीकडेही एमए ठेवला, इनर्शिया दुप्पट, रॉड असा जाडजूड आला की आमच्या साहेबांनी ड्रॉइंग हातात धरून विचारलं, ट्रॅक्टरला लावतोयस की रेल्वे इंजिनला. पेपर तपासताना आजही दहातल्या तीन-चार पोरांची हीच चूक दिसते.

तत्त्वाखेरीज त्याचं दुसरं मोठं काम म्हणजे ताणलेल्या तारेचं, ते १७४७ चं. माझ्या मते ही त्याची सगळ्यात मोठी कामगिरी, तत्त्वापेक्षाही. ताणलेल्या तारेचा प्रत्येक बिंदू कसा हलतो याचं समीकरण त्याने मांडलं, आणि सोडवलंही. आज ज्याला वेव्ह इक्वेशन म्हणतो ते हेच. उत्तर इतकं सुटसुटीत की विश्वास बसत नाही, तारेचा आकार म्हणजे दोन आकृत्यांची बेरीज, एक न बदलता उजवीकडे सरकतेय, दुसरी डावीकडे. तंबोऱ्याची तार बोटाने वर ओढून सोड, ओढलेली असताना ती त्रिकोणासारखी दिसते, बोटाशी एक कोपरा. सोडल्याबरोबर त्या एका कोपऱ्याचे दोन होतात आणि विरुद्ध दिशांना पळतात, मधे तार सपाट. डोळ्याला दिसत नाही, पण हायस्पीड कॅमेऱ्यात दिसतं.

आणि इथेच तो अडला. ऑयलर म्हणाला की कुठलाही आकार चालेल, कोपरासुद्धा. दालांबेर म्हणाला मुळीच नाही, माझ्या समीकरणात वक्रता लागते, कोपऱ्यावर वक्रता कुठली, तेव्हा कोपरा असलेली तार माझ्या गणितात येतच नाही. जगातला प्रत्येक वादक तार कोपरा करूनच छेडतो हे माहीत असून हा अडून बसला. मग १७५३ मध्ये डॅनियल बर्नूली हा आणखी एक गणितज्ञ तिसरंच घेऊन आला, की सगळे आकार म्हणजे साइन लहरींची बेरीज, तर हे दोघे मिळून त्याच्यावर तुटून पडले. फंक्शन म्हणजे नक्की काय हा प्रश्न या भांडणातून निघाला, पुढे १८०७ मध्ये फूरियेने बर्नूलीच्या बाजूला मोठं वजन टाकलं. आज व्हायब्रेशन ॲनालायझरवर तू जो एफएफटी (कंपनाचे साइन लहरींत केलेले तुकडे) बघशील तो बर्नूलीचा नातूच समज.

त्याच्या स्वभावाची ही खोड एकदा कळली की बाकी सगळं कळतं. जे स्वच्छ मांडता येत नाही ते हिशोबात घ्यायचंच नाही, आणि हिशोब जे सांगेल ते, मग जग काहीही म्हणो.

पाण्याचंही तसंच. बर्लिन अकादमीने १७५० च्या बक्षिसासाठी विषय ठेवला, द्रवातून जाणाऱ्या वस्तूला होणारा विरोध. याने निबंध पाठवला, अकादमीने बक्षीस कुणालाच दिलं नाही, म्हणाले गणित प्रयोगाशी जुळवून दाखवा. हा भडकला, यामागे ऑयलर आहे असा संशय घेतला, निबंध परत घेऊन १७५२ मध्ये पॅरिसला स्वतः छापला. आता त्या निबंधात काय होतं? द्रवाच्या प्रवाहासाठी पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्स, अगदी सुरुवातीची, आणि ज्यांना तू मॅथ्स थ्रीमध्ये कॉशी-रीमान इक्वेशन्स म्हणून शिकतोस तीसुद्धा, कॉशी जन्मायच्या ३७ वर्षं आधी. आणि या सगळ्यातून उत्तर आलं, विरोध शून्य! पुढून मागून सारखी असलेली वस्तू, पुढे पाणी जेवढं दाबतं तेवढंच मागूनही दाबतं, बाकी काही उरत नाही. नदीत हात घातलेल्या कुठल्याही माणसाला हे खोटं आहे हे कळतं. त्यालाही कळत होतं. पण त्याने उत्तर लपवलं नाही की मधे एखादा सोयीचा गुणक घुसडला नाही, १७६८ मध्ये पुन्हा तोच हिशोब ‘विरोधाभास’ या नावाने छापला आणि हे कोडं गणितज्ञांनी सोडवावं म्हणून ठेवून दिलं. नीट उत्तर १९०४ मध्ये आलं, प्रांटलने बाउंडरी लेयर दाखवला तेव्हा. पृष्ठभागाला चिकटून असलेला द्रवाचा पातळ थर, तिथे चिकटपणा चालतो, तो थर मागच्या बाजूला सुटतो आणि मागचा दाब पुढच्याइतका भरून येतच नाही. दालांबेरच्या द्रवात चिकटपणाच नव्हता. आता सीएफडीत, म्हणजे प्रवाहाचा हिशोब कॉम्प्युटरवर करताना, कुणी पोरगं व्हिस्कॉसिटी (चिकटपणा) बंद ठेवून रन करतं आणि ड्रॅग (विरोध) शून्याजवळ आला म्हणून सॉफ्टवेअरला शिव्या घालतं, तेव्हा मी त्याला म्हणतो, अभिनंदन, तू १७५२ पर्यंत पोचलास.

आणि हो, हिशोबापलीकडे काही मानायचंच नाही असा हा माणूस नव्हता, १७७५ मध्ये काँदोर्से आणि बोस्यू यांच्याबरोबर बोटींच्या विरोधाचे प्रयोग करण्यातही तो होता.

आता त्याची फजिती, कारण ती सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही. १७५४ मध्ये विश्वकोशातल्या एका नोंदीत त्याने विचारलं, नाणं दोनदा उडवायचं, निदान एकदा छापा पडण्याची शक्यता किती? नववीतलं पोरगं सांगेल ३/४. हा म्हणाला २/३. कारण पहिल्यांदाच छापा पडला तर खेळ तिथेच संपला, दुसरं नाणं उडवणार कोण? तेव्हा शक्यता तीनच: छापा, काटा-छापा, काटा-काटा. त्यातल्या दोन आपल्या. खोड तीच बघ, जे घडतच नाही ते मोजायचं कशाला. पण पहिला ‘छापा’ बाकीच्या दोघांच्या दुप्पट वेळा पडतो हे त्याच्या नजरेतून निसटलं, तिघांना सारखं वजन देऊन बसला. मी हे वर्गात करून घेतो, चाळीस पोरं, प्रत्येकी वीस डाव, एकूण ८००. त्याचं खरं असतं तर ५३३ च्या आसपास डाव जिंकायला हवेत, आमचे दर वेळी सहाशेच्या आजूबाजूला येतात. एवढ्या मोठ्या माणसाला नाण्याने चकवलं म्हटल्यावर मागच्या बाकावरचेही जागे होतात.

विश्वकोश म्हणजे तोच, दिदरो या लेखकाबरोबर काढलेला. पहिला खंड १७५१ चा, त्याची लांबलचक प्रस्तावना दालांबेरची, आणि फ्रान्समध्ये सर्वसामान्य वाचकात त्याचं नाव झालं ते तिच्यामुळे, तारेमुळे नाही. १७५७ च्या सातव्या खंडात जिनिव्हा शहरावर लिहिताना तिथे नाटकगृह हवं असं सुचवलं आणि तिथल्या पाद्र्यांच्या श्रद्धेबद्दल भलतंच बोलून गेला, त्यावरून एवढा गदारोळ झाला की थोड्याच दिवसांत याने संपादकपद सोडलं. दिदरो मात्र मागे राहून ओझं ओढत राहिला, मला स्वतःला यात दिदरो मोठा वाटतो.

पण पैशाच्या बाबतीत याला तोड नाही. प्रशियाचा राजा फ्रेडरिक बर्लिन अकादमीचं अध्यक्षपद घे म्हणून मागे लागला, नाही गेला. १७६२ मध्ये रशियाच्या कॅथरीनने मुलाला शिकवायला ये म्हणून वर्षाला एक लाख लिव्हर देऊ केले, तरी नाही. बापाचे १२०० आणि वर थोडंफार पेन्शन, त्यात भागत होतं. बर्लिनला स्वतःऐवजी लाग्रांजला पाठवायची खटपट केली, १७६६ मध्ये तो गेलाही. पॅरिसला नवखा आलेल्या लाप्लासला मिलिटरी स्कूलमध्ये नोकरी यानेच लावून दिली. म्हणजे तुझ्या चारही वर्षांच्या मॅथ्समधली अर्धी नावं याच्या शिफारशीवर उभी आहेत.

शेवटची वर्षं वाईट गेली. १७६५ च्या आजारपणानंतर तो झ्यूली द लेस्पिनास या मैत्रिणीच्या घरी राहायला गेला होता. ती १७७६ मध्ये गेली आणि तिच्या कागदपत्रांतून याला कळलं की तिचं प्रेम इतकी वर्षं दुसऱ्यांवर होतं. स्वतः २९ ऑक्टोबर १७८३ ला गेला, ज्याच्याशी वर्षानुवर्षं भांडला तो ऑयलर त्याच्या सहा आठवडे आधी. धर्म मानत नव्हता म्हणून त्याला खुणेचा दगडही न ठेवता पुरलं.

आता तुझ्यासाठी काम. त्याच विहिरीवर कप्पीला २ किलो वजन दे, सगळं कडेवर आहे असं धर. कप्पीला स्वतःहून कुठे जायचं नव्हतं, तरी कडेला ए ने पळावं लागतंय, म्हणजे तिचं ‘वाया गेलेलं’ उलट्या बाजूला २ए. टेन्शन अजिबात न आणता समीकरण मांड. ए १.६७ आला तर बरोबर आहेस, आणि मग दोन्ही बाजूंची टेन्शन काढून बघ, एकीकडे ५० आणि दुसरीकडे ४६.७ का आली ते मला सांग.